एक्स-वाय सर

ज्युनिअर कॉलेज कुठलंही असो, तिथल्या फिजिक्सच्या लॅबमध्ये एक एक्स-वाय सर असतातच. हे नाव मुलांनी ठेवलेलं. खरं नाव पगारपत्रकाखेरीज कोणाला आठवत नाही. जगात माणसं दोनच प्रकारची, अक्ष नीट घेणारी आणि नापास होणारी, असं त्यांचं ठाम मत असतं.

बारावीच्या मुलाने ग्राफपेपर पुढे केला की सर रेघेकडे बघतच नाहीत. आधी वरचा उजवा कोपरा: स्केल लिहिलंय का? मग अक्षांची नावं, नावांपुढे एकक. स्केल ‘१ सेंटिमीटर = ०.३ व्होल्ट’ असं दिसलं की कागद परत. “एक, दोन, पाच! तीन घेतलास तर ०.७ व्होल्ट येतो २.३३ सेंटिमीटरवर. टोच आता तिथे पेन्सिल, बघू!” मुलगा खरंच टोचायला जातो. कागदाला भोक पडतं, आणि सर दुसरा ग्राफपेपर आपल्या ड्रॉवरमधून काढून देतात. एवढी माया त्यांच्यात आहे.

एका महाभागाने रेघेचा कोन कोनमापकाने मोजला. ४५ अंश आला, टॅन काढला आणि रेझिस्टन्स १ ओहम लिहून मोकळा झाला. कॉइल होती ५ ओहमची. त्या दिवशी सर रागावले नाहीत, नुसते स्टुलावर बसले. एका अक्षावर व्होल्ट, दुसऱ्यावर अँपिअर, दोन्हींचं स्केल वेगळं. स्केल बदललं की कोन बदलणारच. उभा फरक भागिले आडवा फरक, तोही एककांसकट, हे गेली कित्येक वर्षं ते फळ्यावर लिहीत आलेत. फळा तेवढा समजूतदार झाला असावा.

सरांची सगळी श्रद्धा एका वाक्यात मावते: आपण बदलतो ते एक्सवर, त्यामुळे बदलतं ते वायवर. ओहमच्या नियमाला ते करंट एक्सवर आणि व्होल्टेज वायवर घेतात, म्हणजे स्लोप काढला की थेट रेझिस्टन्स हातात. एकदा एका मुलीने विचारलं, “सर, रिओस्टॅट सरकवला की अ‍ॅमीटर आणि व्होल्टमीटर दोन्हींचे काटे एकदमच हलतात. मग आपण नक्की बदललं काय? आणि डायोडला व्होल्टेज एक्सवर कसं गेलं?”

सर चष्मा पुसत म्हणाले, “जर्नल पूर्ण झालं का तुझं?”

खरं तर मुलीचं बरोबर होतं. साध्या तारेच्या बाबतीत कोणालाही आडवं घ्या, रेघ सरळच येते. फक्त एकीकडे स्लोप म्हणजे रेझिस्टन्स, दुसरीकडे त्याचा व्यस्त. डायोडचं व्होल्टेज आपण हळूहळू वाढवतो आणि सिलिकॉनचा असेल तर ०.७ व्होल्टच्या आसपास करंट उसळी घेतो, म्हणून तिथे व्होल्टेज आडवं. सरांना हे ठाऊक आहे. पण कबूल केलं तर वाक्य मोडतं.

स्टाफरूममध्ये त्यांचं वैर एकाच व्यक्तीशी, अर्थशास्त्राच्या मॅडमशी. किंमत बदलली की मागणी बदलते असं शिकवायचं आणि किंमत मात्र उभ्या अक्षावर काढायची! “आल्फ्रेड मार्शलपासून असंच चालत आलंय,” मॅडम शांतपणे सांगतात. “मग मार्शलला माझ्या प्रॅक्टिकलला पाठवा,” असं म्हणून सर डबा उघडतात.

पण खरी कसोटी लागते ती बोर्डाच्या प्रॅक्टिकलला, कारण एक्स्टर्नल म्हणून जे येतात तेही आपापल्या कॉलेजातले एक्स-वाय सरच असतात, फक्त उलट्या पंथाचे. यंदाच्या एक्स्टर्नलनी ग्राफ बघून कपाळाला आठ्या घातल्या. “करंट वायवर हवा. स्लोप ०.२ यायला पाहिजे.”

“पाच!” सर म्हणाले. “ओहम स्वतः काय करायचा? तारेची लांबी बदलायचा. १८२६ च्या त्याच्या सूत्रात त्या लांबीला अक्षर दिलंय एक्स. बदलतं ते एक्स!”

“ते लहान एक्स. त्याच सूत्रात मोठं एक्स म्हणजे करंटचा जोर. तो वायला न्यायचा की नाही?”

मुलगा घामाघूम. चहा घेऊन आलेल्या लॅब अटेंडंट मामांनी ट्रे ठेवला, ग्राफपेपर उचलला, उलटा केला, पाव वळसा फिरवला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. मागून आरपार बघितलं तर करंट उभा, व्होल्टेज आडवं. “हा घ्या तुमचा, तो घ्या तुमचा. चहा गार होतोय.”

एक्स्टर्नलनी मान डोलावून मार्क दिले. सर मात्र कागद हातात घेऊन बराच वेळ मागची बाजू निरखत राहिले.

“पण मामा, इकडून स्केलची अक्षरं उलटी दिसतायत.”