ओलीसपट लिहा, घरबसल्या

वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनच्या रांगा लागतात, तिथल्या टपरीवर कटिंग पिताना बोरिवलीचा एक होतकरू लेखक भेटला. पहिली पटकथा कसली लिहू, म्हणाला. म्हटलं, ओलीसपट. डोकं लागतं हा गैरसमज आहे. फोन लागतो.

फोनचं माहात्म्य आधी समजून घ्या. दोन मोठ्या नटांच्या तारखा कधी जुळत नाहीत. फोन असला की जुळवाव्या लागत नाहीत. एकाचं शूटिंग आज उरका, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. भांडण संकलक लावून देतो. 'अ वेन्सडे'त (2008) नसीरुद्दीन शाह गच्चीवर, अनुपम खेर नियंत्रण कक्षात. भेट शेवटी, हस्तांदोलनापुरती. पण तो सिनेमा फार बघू नका. नीरज पांडेंनी त्यात फोनवर बोलण्यासारखं काहीतरी लिहिलं होतं, पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. असल्या सवयी वाईट.

मागणीत हुद्दा चढता ठेवा. 'धमाका'तला (2021) माणूस मंत्र्याची माफी मागतो, म्हणजे मंत्र्याने मागावी म्हणतो. 'अ थर्सडे'तली (2022) बालवाडीची शिक्षिका 16 मुलांना कोंडून थेट पंतप्रधानांना बोलावते. खरं कारण शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत दाबून ठेवा, आणि ते इतकं दुःखद असू द्या की पटकथेतल्या भोकांबद्दल विचारणाऱ्यालाच लाज वाटावी.

स्थळ दक्षिण मुंबईच्या आसपास. 'थर्सडे' कुलाब्यात घडतो, 'धमाका'त स्फोट होतो वांद्रे-वरळी सागरी सेतूवर. अंधेरीत ओलीस धरलेत तर कमांडो जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला अडकतील आणि मुलुंडहून निघालेला मध्यस्थ घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत. तोवर अपहरणकर्ताच कंटाळून घरी जायचा.

आता कलाकार. इथे हात आखडू नका, उत्तमातले उत्तम घ्या आणि काम अजिबात देऊ नका. देवगड हापूस आणायचा आणि मिल्कशेकला वापरायचा, तसं. 'थर्सडे'सारखं दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या अतुल कुलकर्णींना पोलीस करून शाळेबाहेर उभं करा. डिंपल कपाडियांना पंतप्रधानाची खुर्ची द्या. काळजीत दिसल्या की झालं. 'धमाका'सारखं अमृता सुभाष वृत्तवाहिनीची बॉस, तिने टीआरपी टीआरपी करावं. मृणाल ठाकूरच्या हाती माइक देऊन तिला पुलावर पाठवा, म्हणजे नायकाला ती पडद्यावर दिसत राहील. (आमच्या शेजारच्या काकूंना ती 'धमाका'त होती हे अजून पटलेलं नाही.) परमोच्च उदाहरण 'नॉक आउट' (2010): इरफान खानसारखा नट टेलिफोन बूथमध्ये घातला, आणि बाहेरून संजय दत्तच्या बंदुकीचा नेम. कल्पना इतकी ओळखीची की 'फोन बूथ' या हॉलिवूडपटाचे मालक फॉक्स मुंबई उच्च न्यायालयात गेले. तुम्ही 'धमाका'वाल्यांसारखे हक्क घेऊन रीमेक करा. मूळ कोरियन 'द टेरर लाइव्ह' 2013चा. 'धमाका'चं चित्रीकरण दहा दिवसांत आटोपलं. दहा दिवस! एवढ्यात आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी धुऊन होत नाही.

पोलिसांच्या व्हॅनमध्ये एक चष्मेवाला पोरगा विसरू नका. 'सर, लोकेशन मिळतंय... गेलं,' एवढंच त्याने म्हणायचं. खरं तर सगळ्या सिनेमात नेमकं काम असलेला हा एकटाच.

लिहून झालं की अंधेरी पश्चिमेला स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी करून टाका. नाव मात्र लवकर ठरवा. बुधवार आणि गुरुवार गेलेत.