‘वेंट’ची शेपटी : नवशिक्यांसाठी लघु पाठमाला

ही पाठमाला ज्यांचं इंग्रजी उत्तम आहे त्यांच्यासाठी. शाळेत ज्यांनी रेन अँड मार्टिन कोळून प्यायलं, कर्तरीचं कर्मणी ज्यांना झोपेत करता येतं, आणि तरीही लीड्सची किंवा न्यू जर्सीची शेजारीण ‘ही केम राइट बॅक ओव्हर’ म्हणाली की जे नुसते हसून मान डोलावतात, असे सगळे नवशिके. ज्यांचं इंग्रजी मुळातच कच्चं आहे त्यांना या पुस्तिकेची गरज नाही. ते कानाने शिकतात आणि आपल्या आधी पोचतात.

पूर्वतयारी. असेंडेड, प्रोसीडेड, रिटर्न्ड, डिपार्टेड ही भारदस्त क्रियापदं कपाटात ठेवून कुलूप लावा. नोकरीचा अर्ज लिहिताना काढता येतील. हाताशी फक्त वेंट, केम, गॉट, टुक, सॅट आणि पुट ठेवा. (‘पुट’चा भूतकाळही ‘पुट’च. एवढी एक सवलत इंग्रजीने दिली आहे, ती घ्या.) लॅटिन-फ्रेंच वळणाच्या क्रियापदांच्या पोटातच दिशा असते. ‘रिटर्न्ड’मधल्या ‘रि’त परत येणं आलंच, म्हणून ‘रिटर्न्ड बॅक’वर मास्तर लाल रेघ मारतात. अस्सल इंग्रजी मातीतल्या ‘वेंट’च्या पोटात मात्र काहीच नसतं. तो नुसता गेला. कुठे, कसा, कितव्यांदा, हे सगळं मागे शेपटीत येतं.

पाठ पहिला : शेपटीचा क्रम. पुढचं वाक्य मोठ्याने म्हणा. ‘ही वेंट बॅक अप देअर अगेन यस्टरडे.’ श्वास घ्या. आता शेवटच्या शब्दापासून उलटे चालत या : काल, पुन्हा, तिकडे, वर, परत, गेला. सुरुवातीला ‘तो’ लावा. ‘तो काल पुन्हा तिकडे वर परत गेला.’ एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. मराठीत क्रियापद शेवटी बसतं म्हणून त्याचा लवाजमा पुढे चालतो. इंग्रजीत क्रियापद आधीच उरकून घेतात म्हणून तोच लवाजमा मागे येतो. क्रियापदाला सर्वांत बिलगून ‘परत’, सर्वांत लांब ‘काल’, ही मानाची उतरंड दोन्हीकडे एकच. हे शाळेत कोणी सांगितलं असतं तर पुष्कळांच्या आयुष्यातली ‘आय यस्टरडे अगेन वेंट’ असली वाक्यं टळली असती.

उतरंड मोडू नका. ‘वेंट बॅक आउट’ म्हणजे तो परत बाहेर गेला. ‘वेंट आउट बॅक’ म्हणजे, अमेरिकेत तरी, तो घराच्या मागच्या अंगणात गेला. शब्द तेच आहेत, पण तुम्ही माणूस शोधायला पुढच्या फाटकाशी जाल आणि तो मागे कणसं भाजत असेल.

आता ‘राइट’. हा शेपटीच्या अगदी मुळाशी बसतो : केम राइट बॅक, वेंट राइट अप, सॅट राइट डाउन. अर्थ ‘थेट’ किंवा ‘लगेच’. पण त्याचा खरा उपयोग कसोटीसाठी आहे. जिथे ‘राइट’ घुसतो तिथे पुढचा शब्द खरोखर दिशा दाखवतो. ‘रॅन राइट अप द हिल’ चालतं, कारण तो खरंच टेकडी चढला. ‘गेव्ह राइट अप’ बहुतेकांच्या कानाला खटकतं, कारण हार मानताना कोणी वर जात नाही. तिथल्या ‘अप’ने दिशेची नोकरी सोडली आहे. तो आता काय करतो, ते चौथ्या पाठात.

दुसरा आणि तिसरा पाठ एकत्र उरकू. किल्ली खिशातून परत बाहेर काढली, तर ‘टुक द की बॅक आउट’. किल्लीऐवजी ‘ती’ म्हणायचं, तर ‘टुक इट बॅक आउट’. ‘टुक बॅक आउट इट’ म्हणाल तर समोरचा वाक्य संपायची वाट पाहत उभा राहील. अशा जोडीत सर्वनाम नेहमी मध्ये जातं. कारण विचारू नका, घोका.

क्रियापद आणि त्याचं शेपूट यांच्यामध्ये भलत्यानेच शिरायचं, हा चावटपणा इंग्रजांनी एकट्यांनी शोधलेला नाही. लौकिक संस्कृतात प्र, आ, उप हे उपसर्ग धातूच्या आधी येऊन चिकटतात, पण वेदांच्या भाषेत ते धातूच्या नंतरही येऊ शकतात आणि मध्ये दुसरे शब्दही चालतात, याची नोंद पाणिनीने अष्टाध्यायीत केली आहे. पुढे आपल्याकडे ते कायमचे चिकटले. गमनाला ‘आ’ लावला की आगमन, ‘निर्’ लावला की निर्गमन. मध्ये ‘इट’ घुसवायची सोय उरली नाही. इंग्रजीने मात्र मोकळं दार ठेवलं आणि पुढे त्यातून वारेमाप माणसं आत आली.

पाठ चौथा : दिशा सोडलेले शब्द. लंडनमधल्या एका घरची सकाळ घ्या. अलार्म वेंट ऑफ. मग दिवे वेंट ऑफ. फ्रीज बंद पडला म्हणून दूध वेंट ऑफ. शेवटी वैतागून नवरा वेंट ऑफ. म्हणजे अलार्म वाजला, दिवे गेले, दूध नासलं आणि नवरा निघून गेला. चारही वाक्यं शुद्ध आहेत. एकाच ‘ऑफ’ने एक गोष्ट सुरू केली, एक बंद केली, एक बिघडवली आणि एक घराबाहेर काढली.

परक्यांचा इथे सगळ्यात जास्त घाम निघतो, हे सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच मान्य केलं होतं. ‘गिव्ह ओव्हर’, ‘सेट इन’ असल्या जोड्या त्याने मोठ्या निगुतीने गोळा केल्या. या प्रकाराला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं ते लोगन पिअरसॉल स्मिथच्या 1925च्या पुस्तकामुळे. तोवर इंग्रज लोक शतकानुशतकं ते बिननावाने बोलत होते आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

मराठी माणसाने इथे घाबरणं मात्र मला मंजूर नाही. ‘एट अप’ पाठ करू नका, ‘खाऊन टाकलं’ आठवा. त्यात कोणी काही टाकलेलं नसतं. ‘गेव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकलं, ‘रोट डाउन’ म्हणजे लिहून घेतलं, ‘वेंट अवे’ म्हणजे निघून गेला. काम पुरं झालं, हातचं गेलं, पदरात पडलं, ही जी छटा इंग्रजी अप-डाउन-अवेवर सोपवतं, ती आपण टाकणं, घेणं, ठेवणं, बसणं, जाणं यांच्यावर सोपवतो. किंबहुना आपला साठा जास्त खवचट आहे. ‘भलतंच करून बसला’ यातल्या ‘बसला’ला पुरेल असं शेपूट इंग्रजीने अजून काढून दाखवावं.

भूगोलाचा पाठ थोडक्यात. अप म्हणजे वर, असं समजून नकाशा उघडू नका. ब्रिटिश रेल्वेत लंडनकडे जाणारी गाडी अप, लंडन डोंगरावर नसलं तरी. हीच रीत इथे आली, म्हणून कसाऱ्याहून घाट मागे टाकून सीएसएमटीकडे उतरत येणारी लोकलही अपच. ऑक्सफर्डला शिकायला जाणारा विद्यार्थी ‘वेंट अप’, आणि हाकलून दिलेला ‘सेंट डाउन’.

शेवटचा पाठ घरच्या शेपटांचा. आपण भारतीयांनी काही शेपटं स्वतःच लावली आहेत. ‘कोप अप’ हे त्यातलं लाडकं. इतरत्र लोक संकटाला नुसतं ‘कोप’ करतात, आपल्याला त्यासाठी थोडं वर चढावं लागतं. दुसरं ‘पास आउट’. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पासिंग आउट परेड होते, ती सैन्यातली जुनी आणि शुद्ध रीत. पण आपल्याकडे बीकॉमचा मुलगाही ‘पास आउट’ होतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या रोजच्या बोलण्यात ‘पास्ट आउट’चा अर्थ बेशुद्ध पडला, असा आहे. तेव्हा परदेशी मुलाखतीत ‘आय पास्ट आउट इन टू थाउजंड टेन’ असं अभिमानाने सांगू नका. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. कपाटाचं कुलूप त्यासाठी उघडलं तरी चालेल.