मागचं सगळं दिसतं

शिरवळच्या माणसाला प्रवासाचं अप्रूप जरा कमीच, कारण प्रवास त्याच्या दारावरूनच जातो. पुण्याहून निघालेली गाडी पन्नासेक किलोमीटरवर नीरा ओलांडते, जिल्हा बदलतो आणि आत बसलेलं कुणीतरी म्हणतं, "चहा घ्यायचा का?" महाबळेश्वर असो, कोल्हापूर असो की गोवा, आमचं गाव सगळ्यांच्या सहलीत असतं आणि फोटोत कुणाच्याच नसतं. मंडळी वडापाव खातात, पाय मोकळे करतात आणि खंबाटकी चढायला लागतात.

त्यामुळे असेल, पण दाखवण्यापेक्षा सांगण्यात आमचा गाव पटाईत. नीरेकाठच्या सुभानमंगळाचंच घ्या. १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांच्या माणसांनी झुंजून घेतलेला हा भुईकोट. आज तिथे एखादा बुरूज आणि थोडी पडझड, एवढाच ऐवज शिल्लक आहे. पण पाहुण्याला घेऊन गेलेला गावकरी नुसता हात पसरून तट उभा करतो. "हितनं आपली माणसं चढली, वरनं धोंडे आले." दोन मिनिटांत पाहुण्यालाही कोट दिसू लागतो. चार्जिंग लागत नाही.

अशा गावातल्या आमच्या घरात गेल्या दिवाळीत व्हीआर हेडसेट आला. आणणारा अर्थातच हिंजवडीत नोकरी करणारा. माझ्या थोरल्या काकांचा, म्हणजे घरादाराच्या आप्पांचा नातू. काही वर्षांपूर्वी सगळे मिळून रायगडाला गेले होते, तेव्हा याने एका काठीवर लिंबाएवढी दोन भिंगं असलेला कॅमेरा नाचवला होता. त्यातलं चित्रण आता डोळ्यांना बांधून बघायचं होतं.

युक्ती तशी जुनी. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यांची खोली स्वतःच तयार करतो, हे चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ मध्येच दाखवून दिलं होतं. १९३९ साली व्ह्यू-मास्टर निघाला. त्याच्या गोल चकतीत सात दृश्यं असायची आणि खटका दाबला की पुढचा देश यायचा. हेडसेटने त्यात भर घातली ती एवढीच की मान वळवली की चित्रही वळतं. दिसायला मात्र प्रकार घाण्याच्या बैलाच्या झापडासारखा. बैलालाही वाटत असेल, बराच लांब आलो.

पहिला मान काकींचा. भोरवरून वरंध घाटाने महाडकडे उतरण्याचा रस्ता सुरू झाला आणि पलंगावर मांडी घालून बसलेल्या काकी वळणागणिक कलायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी डोळ्यांवरचा डबा तसाच ठेवून एक हात खाली घातला आणि पलंगाखाली चाचपडू लागल्या.

"काय शोधताय?"

"अरे, माझ्या पायाशी पिशवी आहे बघ. तिच्यात आवळासुपारी आहे. मला गाडी लागायला लागलीय."

पिशवी होती, पण ती चित्रातल्या गाडीत. एरवी घाटात गाडी लागते कारण कान सांगतो आपण हलतोय आणि गाडीच्या आत खिळलेले डोळे म्हणतात, छे, जागेवरच आहोत. इथे साक्षीदार उलटले होते. डोळे म्हणत होते घाट, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव म्हणत होता पलंग. भांडण कुठूनही सुरू झालं तरी निकाल पोटातच लागतो. शेवटी खरी आवळासुपारी कपाटातून काढावी लागली.

मग आप्पांची पाळी आली. आप्पांची रायगडवारी आमच्याकडे सर्वांना पाठ आहे. सहलीहून आल्या आल्या ते सांगत, की सत्तरी उलटली तरी चौदाशेच्या वर पायऱ्या थांबत थांबत का होईना चढलो. पुढच्या उन्हाळ्यात "दोनदाच बसलो" झालं. गेल्या गणपतीत एका पाहुण्याने ऐकली ती आवृत्ती 'एका दमात' अशी होती. कुणी हरकत घेतली नव्हती. अल्बममध्ये आप्पांचे फोटो होते ते गडावरचे, होळीच्या माळावरचे. माणूस वर कसा पोचला हे फोटो कधी विचारत नाही.

पण हा कॅमेरा वेगळ्या जातीचा. त्याची भिंगं पाठीला पाठ लावून बसलेली असतात. प्रत्येक भिंग अर्ध्या जगापेक्षा थोडं जास्तच टिपतं आणि मग दोन्ही चित्रं कडेला जोडतात. याला पुढचं-मागचं हा भेदच नाही. साध्या कॅमेऱ्यासमोर माणूस केस सारखे करून उभा राहतो आणि कॅमेऱ्यामागे हवं ते करतो. इथे 'मागे' अशी जागाच उरत नाही.

नातवाने सोय अशी केली होती की आप्पांना आत जे दिसेल ते आम्हांला टीव्हीवर दिसावं. आप्पा बराच वेळ समोरची दरीच बघत राहिले. "व्वा," म्हणाले, "काय खोल आहे!" दरी जरा जास्तच वेगाने खाली जात होती. नातू म्हणाला, "आप्पा, मागं बघा ना, मागं." आप्पांनी मान वळवली आणि टीव्हीवर १९९६ पासून चालू असलेल्या रायगडच्या रोपवेची ट्रॉली अवतरली. तिच्यात डोळे घट्ट मिटलेले, एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने काकींचं मनगट धरलेले आप्पा. रोपवेने वर जायला चार-पाच मिनिटं लागतात. आप्पांनी ती सगळी मिनिटं मिटल्या डोळ्यांनी काढली होती.

"एका दमात चढलेले ते कोण मग?" काकींनी विचारलं.

आप्पा डबा काढायलाच तयार होईनात. त्यांना आमची तोंडं दिसत नव्हती तेवढंच बरं होतं.

माझी सहानुभूती आप्पांकडे आहे. आठवण सांगितली की वाढते, हा तिचा स्वभाव आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावनच्या धामधुमीत उत्तरेत अडकले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. सगळं लिहून काढलं ते सुमारे पंचवीस वर्षांनी, आणि 'माझा प्रवास' छापला गेला १९०७ मध्ये. अभ्यासक त्यातल्या चुका दाखवतात, वाचक मात्र पान सोडत नाहीत. गोडसे भटजींच्या पगडीवर कॅमेरा असता तर तारखा बिनचूक मिळाल्या असत्या, पण मग ते सांगायला बसलेच नसते. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांनी लोकांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक गोष्ट वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावली. हळूहळू अनोळखी तपशील गळाले आणि होडक्याची चक्क नेहमीची बोट झाली. सांगणारे खोटं बोलत नव्हते, आपापल्या घरात बसेल अशी गोष्ट करून घेत होते. रायगडाचंच म्हणाल तर हिरकणी कडा उतरली त्या रात्री कुणी चित्रण केलं नव्हतं, म्हणून तर ती आजही उतरते आहे.

एवढं सगळं यंत्राच्या विरोधात बोलून झाल्यावर एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. चित्रण तसंच चालू राहिलं. जगदीश्वराच्या देवळाकडे जाताना काकी पुढे, बाकीच्या बायकांशी बोलत. आणि पार मागे, जिथे एरवी कुठलाच कॅमेरा वळला नसता तिथे आप्पा एकटे येत होते. खांद्यावर काकींची ती पिशवी आणि हातात काकींच्या चपला. पट्टा तुटला होता म्हणे, काकी गडावर अनवाणीच फिरल्या होत्या. आप्पांच्या गोष्टीत पायऱ्या होत्या, वारा होता, दम होता, पण या चपला कधीच आल्या नव्हत्या. म्हणजे गोष्ट नुसती फुगत नाही, काही सोडतेही. आणि सोडते ते नेमकं सांगण्याजोगं.

यावरून आप्पा सुधारले असतील असं कुणाला वाटलं तर तो शिरवळचा नव्हे. तुळशीचं लग्न व्हायच्या आत नवी आवृत्ती तयार झाली. तिच्यानुसार आप्पा पायऱ्यांनीच जाणार होते, दोन टप्पे चढलेही होते, पण नातवाला ट्रॉलीची भीती वाटत होती, म्हणून त्याच्या सोबतीला खाली उतरले. डोळे मिटले होते ते शिवरायांच्या स्मरणात. नातू हल्ली हे मान डोलावून ऐकतो.

चपलांचा भाग मात्र आप्पा अजूनही सांगत नाहीत. तो काकी सांगतात, पाहुण्यांना चहा देता देता. आणि माझ्या लक्षात आलंय, त्यांच्या सांगण्यात आप्पांच्या खांद्यावरची ती पिशवी दर खेपेला थोडी थोडी जड होत चालली आहे.