वर बघणारे मामा

गाण्याच्या कार्यक्रमाला गेलेला माणूस समोर बघतो. समोरचं दिसेनासं झालं तर पुढच्याने उंच धरलेल्या मोबाइलात बघतो. स्टेजच्या वर दिवे आणि सामान टांगणारे रिगरमामा मात्र वर बघतात. स्टेजवर कोण आलंय याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नसतं. त्याच्या डोक्यावर काय टांगलंय आणि ते कशाला टांगलंय, एवढाच त्यांचा रसास्वाद.

ही जमात नवी मुंबईत वाढली ती साहजिकच. राहायला घणसोली-कोपरखैरणे, गोडाऊन तुर्भे-पावण्याच्या एमआयडीसीत आणि रणभूमी नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तिथे मे 2017 मध्ये जस्टिन बीबर येऊन गेला. तो खरंच गायला की नुसते ओठ हलवून गेला, यावर पुढे आठवडाभर लोकलच्या डब्यात वाद चालले. मामांचं मत एका वाक्यात : "ओठ हलले तर हलू देत, ट्रस हलला नाही ना?" ट्रस म्हणजे दिवे टांगायचा धातूचा सांगाडा. डिसेंबर 2019 चा यू-टू आणि जानेवारी 2025 चे कोल्डप्लेचे तीन दिवस यांचाही निकाल त्यांनी याच कसोटीवर लावला.

मामांना भेटायचं तर शोच्या दिवशी नव्हे, आधीच्या आठवड्यात गोडाऊनवर जावं. शोच्या दिवशी ते माणसांशी बोलत नाहीत, फक्त चेनशी बोलतात. गोडाऊनवर एका बाजूला अॅल्युमिनियमचे ट्रस रचलेले, दुसरीकडे चेन मोटरींच्या पेट्या, मध्ये टेबलावर शॅकलचा, म्हणजे पिन लावून बंद होणाऱ्या कड्यांचा ढीग आणि ढिगामागे नाकावर चष्मा घसरलेले मामा. शॅकल उचलायचा, पिन हाताने पूर्ण फिरवून बघायची, आटे बोटाने चाचपायचे, खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने गंज धरलाय का ते उजेडात धरून बघायचं आणि मग एकतर उजव्या क्रेटमध्ये टाकायचा, नाहीतर डाव्या. मोटरची चेन पुसायची, तेलाचा हात द्यायचा, कड्यांवर व्हर्निअर लावायचा. चेन ताणली गेली असेल तर तो सांगतो. पाहुण्याला वाटतं, मोटर वर बसून सामान ओढत असेल. ती तर उलटी टांगलेली असते. हुक वर, मोटर खाली. आपलीच साखळी गिळत गिळत ती ट्रससकट वर चढते. हे नव्या माणसाला समजावताना मामांचा चेहरा नातवाचं कौतुक सांगावं तसा होतो.

वजन उचलायच्या बेल्टचं प्रकरण याहून नाजूक. जांभळा बेल्ट एक टनाचा, हिरवा दोन, पिवळा तीन. हे रंग मामांच्या रक्तात इतके भिनलेत की मेव्हण्याच्या लग्नात नव्या वहिनी हिरवा शालू नेसून पुढे आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून सहज "दोन टन" निघून गेलं. त्या घराशी अजून बोलणं नाही. ज्या बेल्टचं लेबल वाचता येत नाही, तो कितीही नवा कोरा दिसो, मामांच्या लेखी बाद. शिवण उसवलेली किंवा पोटाला चीर गेलेली दिसली तर बाद. आणि बाद बेल्ट नुसता फेकायचा नाही, कापून तुकडे करायचे. नाहीतर रात्री दोन वाजता कुणीतरी घाईत तोच उचलून लावतो. घरी मामींनी असा एक बेल्ट गाद्या बांधायला मागितला होता. मामांनी तो दिला. वीतभर लांबीचे तुकडे करून.

घरात खरा तंटा आहे तो कपड्यांच्या दोरीवरून. मामींना दोरी ताठ हवी. मामा तिला भरपूर झोळ ठेवतात आणि का, ते कागदावर काढून दाखवतात : दोन दोऱ्यांमधला कोन 120 अंश झाला की प्रत्येक दोरीवर अख्ख्या वजनाचा ताण येतो, आणि दोरी त्याहून सपाट केली की वजनापेक्षाही जास्त. हे शंभर टक्के खरं आहे. गणित बरोबर, पण ओली चादर फरशी पुसते. मला विचाराल तर माझं मत मामींच्या बाजूला, पण भिंतीतली खुंटी मामांच्या बाजूला असणार.

सार्वजनिक जीवनात मामा तितकेसे लोकप्रिय नाहीत. वाशीच्या भावे नाट्यगृहात तिसरी घंटा झाली तरी ते लाइटच्या बारकडे बघत प्रत्येक दिव्याला सेफ्टीची तार आहे का ते मोजत असतात आणि पहिला अंक त्यांना नंतर मामी सांगतात. दहीहंडीला थर किती लागले यापेक्षा वरच्या गोविंदाचा पट्टा क्रेनला नीट अडकवलाय का, यात त्यांचा जीव. गणेश मंडळाने काथ्याने बांधलेल्या बांबूवर एलईडी वॉल टांगायचा बेत केला तेव्हा मामांनी एकच प्रश्न विचारला, "वॉलचं वजन किती?" अध्यक्ष म्हणाले, "मामा, बाप्पा बघून घेतील." मामा म्हणाले, "बाप्पा खालीच बसलेत, म्हणून विचारतो." शेवटी वॉल जमिनीवर उभी राहिली आणि वर्गणीदारांत मामांची ख्याती 'खोडा घालणारा' अशी झाली.

परवा सोसायटीत एक बारसं होतं. पाळणा फुलांनी सजलेला, आत्या नाव सांगायला तयार, बायका पाळणा म्हणायला घसा साफ करताहेत. मामा वर बघत होते. छताचा हूक पंख्याचा होता. "माणूस टांगायचा तर दहापट ताकद लागते," त्यांनी जाहीर केलं. बाळ चार किलोचं. म्हणजे चाळीस. स्वयंपाकघरातून कोलमचे दहा-दहा किलोचे चार कट्टे आले, झबलं-टोपडं बाजूला सारून पाळण्यात ठेवले गेले आणि मामांनी घड्याळ लावलं. दहा मिनिटं सगळं बारसं चाळीस किलो तांदळाकडे बघत उभं. "आरिया," म्हणजे 'उतरवा', मामा पुटपुटले, गोडाऊनची सवय. कट्टे उतरले. मग खिशातून पुठ्ठ्याचं टॅग काढून त्यांनी पाळण्याच्या साखळीला बांधलं : भार चार किलो, आजची तारीख, पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

बाळाच्या पणजीने ते चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "सहा महिन्यांत हे आठ किलोचं होईल, त्याचं काय?"

मामांनी खिशातलं पेन काढलं, सहावर काट मारून तीन केलं आणि पणजीबाईंना विचारलं, "आजी, गोडाऊनवर येता का?"