गाडी उटीला, डोंगर पाठीला

मार्च सरला की सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कुंडलात दोन गोष्टी थंडावतात, कारखान्याचं धुराडं आणि द्राक्षबागेतली धावपळ. ऊस गेलेला, माल उतरलेला, बिलाचा हप्ता जमा. मग तापतं ते घर. "औंदा कुठं जायचं?" एवढं कुणी विचारायचा अवकाश, ट्रॅव्हल्सचं पत्रक फ्रिजवर चिकटतं : म्हैसूर, उटी, कोडाईकनाल, मुन्नार, येता-येता जोग. खाली ठळक अक्षरांत, 'आचारी सोबत, जेवण आपल्या पद्धतीचं'. म्हणजे आठ-नऊशे किलोमीटर जायचं ते निलगिरीच्या धुक्यात बसून पिठलं-भाकरी खायला.

शिवाय तिकडं आपला माणूस असतोच. खानापूर, आटपाडी, तासगावची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी कैक वर्षांपूर्वी दक्षिणेत पसरली. त्यामुळं इकडं कुणाचंही घर धुंडाळा, तमिळनाडूत नाहीतर केरळात एखादा दाजी निघतो. हा दाजी रोज भट्टीपुढं बसतो, अस्खलित तमिळ बोलतो आणि त्यानं स्वतः उटी बघितलेली नसते. दुकान कुणावर सोडणार? दर मे महिन्यात मात्र बारा माणसांची गाडी दारात उभी राहते आणि आक्का म्हणते, "दाजी, तुमी किती नशीबवान हो, रोज हितंच राहताय." दाजी हसतो आणि आतल्या खोलीत गाद्यांची मोजदाद करतो.

वाटेत आपली माणसं काय शहाण्यासारखी वागतात! बंदीपूरच्या जंगलातून रात्री नऊ ते सकाळी सहा गाड्या बंद, म्हणून नऊच्या आत नाका गाठायला धडपडतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे २०२४ पासून उटी-कोडाईला ई-पास लागतो, तो पोरगं आधीच मोबाइलवर काढून ठेवतं. निलगिरी जिल्ह्यात प्लॅस्टिकची पाण्याची बाटली चालत नाही म्हटल्यावर तपासणी नाक्यावर आण्णा स्वतःच्या हातानं बाटल्या काढून देतात. कल्लहट्टी घाटाची ३६ वळणं गाडी पहिल्या गिअरमध्ये, सगळे चिडीचूप. हेच आण्णा पावसाळ्यात ठोसेघरच्या धबधब्याला जातात तेव्हा कठडा हा चढण्यासाठीच बांधलाय अशी त्यांची पक्की समजूत असते, आणि बाटलीची तर गोष्टच काढू नका. ती पाण्याचीही नसते.

उटीत पोचलं की पहिलं काम तळ्यात नाव. निसर्ग, निसर्ग म्हणतात तो हा. जॉन सलिव्हन नावाच्या गोऱ्या कलेक्टरानं १८२०च्या दशकात ओढे अडवून हे तळं करून घेतलं. कोडाईकनालचं तळं १८६३ सालचं, तेही दुसऱ्या एका कलेक्टरानं बांधून घेतलेलं. लांब कशाला, महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी पिण्याच्या पाण्यासाठी बांधून घेतला. तिन्ही तळी माणसानं केलेली, तिन्हीकडं घोडे, कणसं आणि फोटोवाले. पण त्यांना कुणी 'लागवड' म्हणत नाही. तो शब्द आम्ही सागरेश्वरसाठी राखून ठेवलाय.

सागरेश्वर म्हणजे कुंडलच्या पाठीवरच. एके काळी हे डोंगर बोडके, शेरडं चरायची आणि उन्हाळ्यात दगड तापायचे. धों. म. मोहिते नावाच्या माणसानं हट्ट धरला की इथं रान उभं करायचं. लोकांच्या, वनखात्याच्या मागं लागून झाडं लावली, वाढवली, कुंपण घातलं, आत हरणं आणि सांबरं सोडली. १९८५ साली त्याचं अभयारण्य झालं, क्षेत्र साधारण पावणेअकरा चौरस किलोमीटर. माणसानं वसवलेलं अभयारण्य म्हणून त्याचं नाव घेतात. खाली सागरेश्वराची जुनी देवळं, पलीकडं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. वर चढून पश्चिमेला तोंड केलं की कृष्णेचं अख्खं खोरं आणि उसाचा हिरवा पट्टा पायाखाली. एवढं सगळं ऐकवल्यावर आमच्या आळीतला निकाल ठरलेला : "तिथं काय, हरणंच हायत." गेले कधी? "शाळेची सहल गेलती की!" त्या सहलीला आता तीस वर्षं झाली आणि त्यातही लक्षात राहिलेत ते डब्यातले लाडू.

गावचा डोंगर तर त्याहून दुर्दैवी. वर वीरभद्र, कड्यात जैनांची लेणी, झरी पार्श्वनाथाच्या गुहेत खडकातून पाणी झिरपतंय. कर्नाटकातले भाविक एवढी वाट तुडवून ते बघायला येतात आणि येताना त्यांना समोरून आमची गाडी भेटते, त्यांच्या राज्यातून पुढं उटीला निघालेली. शिवाय वनक्षेत्रपालांना प्रशिक्षण देणारी सरकारी प्रबोधिनी कुंडललाच आहे. जंगल राखायचं कसं हे शिकायला माणसं इथं येतात, जंगल बघायला इथली माणसं मुन्नारला जातात. वाटेत दोघं एकमेकांना हात करत असतील.

ट्रेकिंगचा नाद अलीकडं पोरांना लागलाय, चांगलंच आहे. बूट आले, काठ्या आल्या, पाठीवर नळीनं पाणी ओढायची पिशवी आली. पोरं मुन्नारच्या चहाच्या मळ्यात तीन तास चालली की आठवडाभर स्टेटस. आता जरा घरचं ऐका. १९४३ साली ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचं मुख्य ठाणं कुंडल होतं. जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ आणि तुफान सेनेची पोरं याच डोंगररानात रात्री-अपरात्री चालायची, हातात बॅटरी नाही, पायात नीट वहाण नाही. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ त्यांनी रुळांवर दगड रचून पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली आणि लूट घेऊन पुन्हा पायीच पसार झाले. मागं ब्रिटिश पोलीस असले की चाल कशी असते हे कुठल्या ट्रेकिंग कॅम्पात शिकवत नाहीत. या वाटांवर कुणी पोरांना नेलं, तर पहिला प्रश्न येतो : "वर नेटवर्क येतं का?"

जोगचं राहिलंच. मे महिन्यात जोग बघायला गेलेला माणूस भिंत बघून येतो. अडीचशे मीटर उंचीचा काळाभोर कडा आणि मधे कुठंतरी ओली रेघ, कारण शरावती वर लिंगनमक्कीच्या धरणात अडवलेली. पण पैसे भरलेत म्हटल्यावर आक्का म्हणतेच, "लई भारी हाय." पावसाळ्यात जावं तर शेतात भांगलण. त्यामुळं धबधबा कोरडा आणि वर्णन ओलं, असा हा दरवर्षीचा बेत.

आणखी गंमत अशी की पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा जो शिक्का मिळाला, त्या एकाच यादीत निलगिरी, अनामलाई आणि आमचं चांदोली, कास, कोयना शेजारी-शेजारी बसलेत. चांदोलीचा एक तुकडा तर सांगली जिल्ह्यातच, शिराळ्याकडं. पण चांदोलीला मॉल रोड नाही, घरगुती चॉकलेट नाही, लोकरीच्या टोप्या नाहीत. आणायचं काय तिथनं पाव्हण्यारावळ्यांना?

हे सगळं लिहून झाल्यावर वाटतंय, जाऊ दे त्यांना. शिक्का मिळाल्यावर कासचं काय झालं ते सातारकरांना विचारा. फुलं बघायला एवढी झुंबड, की माणसं मोजून आत सोडायची पाळी आली. पाटणजवळच्या सडावाघापूरला वाऱ्यानं पाणी उलटं उडतं हे चार व्हिडिओंत दिसलं आणि पुढच्या पावसाळ्यात पठारावर पाण्याआधी गाड्यांचे लोट आले. आमच्या डोंगरावर उद्या कुणी 'सूर्यास्त पॉइंट' अशी पाटी लावली, तर परवा तिथं मॅगीची टपरी असेल आणि तेरवा वीरभद्राच्या पायऱ्यांवर काचेच्या पुलाची मागणी. निवडणूक जवळ असली तर नारळही फुटेल.

तेव्हा ट्रॅव्हल्सवाल्यांना विनंती, औंदा उटीचा दर अजून उतरवा, हवं तर आचारी दोन द्या. दाजींच्या गाद्यांचं आम्ही बघतो.