सेमीकोलनराव

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सी आणि दुसऱ्या वर्षी पायथन शिकणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये एक सेमीकोलनराव निघतातच. विधान संपलं की सेमीकोलन, ही सीची सवय त्यांच्या उजव्या करंगळीत इतकी मुरलेली असते, की व्हॉट्सअॅपवर ‘जेवलो’ लिहिलं तरी पुढे सेमीकोलन पडतो.

गंमत म्हणजे पायथन तो मुकाट्याने चालवून घेते. पहिल्या ओळीतलं हॅश इन्क्लूडसुद्धा खपतं, कारण हॅशनंतरचं सगळं तिच्या लेखी नुसती टीप. रावांना वाटतं, जमलं! मग ते सीच्या थाटात दोन तिरप्या रेघा मारून ‘इथे बेरीज केली’ अशी टीप जोडतात. पायथनमध्ये त्या रेघांचा अर्थ भागाकार. झालं, सिंटॅक्स एरर!

एरर वाचायची असते, हे रावांना मान्य नाही. ‘एल्स इफ’चं ‘एलिफ’ करायचं सोडून ते सगळं महिरपी कंसांत कोंबतात. मग कंस काढून टॅब देतात. वरच्या ओळींत स्पेस, खाली टॅब. आता टॅब एरर.

“बारावी ओळ बघ रे,” लॅबमधल्या मॅडम सांगतात.

“मॅडम, कालपर्यंत चालत होता हो! या पीसीचाच काहीतरी प्रॉब्लेम आहे.”

पायथनमध्ये भविष्यातून महिरपी कंस मागवण्याची आज्ञा दिली, तर ‘नॉट अ चान्स’ असं उत्तर खरोखरच मिळतं. पायथन बनवणाऱ्यांना राव चांगलेच ठाऊक असावेत!

सीकडे परतल्यावर उलटा प्रकार. इफपुढे कोलन येतो आणि सेमीकोलन नेमका हवा तिथेच सुटतो. कंपायलर अनेकदा पुढच्या ओळीवर बोट ठेवतो, आणि राव त्या निरपराध ओळीला तासभर झोडपतात.

पण त्यांचा खरा घात करते ती न ओरडणारी चूक. आयनंतर दोन अधिक लावले, तर पायथन लगेच अडवते. तेच आयच्या आधी लावले, तर दोनदा ‘धन’ समजून गप्प बसते. आय जागचा हलत नाही, आणि त्याच्या भरवशावरचा व्हाइल लूप काही केल्या थांबत नाही.

तेव्हा रावांनो, एरर आली तर देवाचे आभार माना आणि ती वाचा. सीमध्ये सगळ्यांत वरची आधी, पायथनमध्ये सगळ्यांत खालची. दाखवलेली ओळ ठीक वाटली, तर तिच्या वरची तपासा. पीसीला बोल लावायचं त्यानंतर बघू.