आधी हिचं उरका

चष्म्याशिवाय मी देखणा दिसतो, असा माझा समज आहे. खात्री करून घ्यायची सोय नाही. चष्मा काढला की आरशातला माणूस दिसत नाही. म्हणून पंचेचाळिशीला, उणे पाच नंबर आणि कॉलेजातली लेक बरोबर घेऊन, लेसरची चौकशी करायला गेलो.

काउन्सेलर बाईंनी तक्ता पुढे सरकवला. पीआरके: कॉर्नियावरचा पातळ थर खरवडायचा, लेसर मारायचा आणि थर परत येईपर्यंत काही दिवस चुरचुर सोसायची. लॅसिक: पापुद्रा झाकणासारखा उघडायचा, लेसर मारून झाकण परत बंद, पण काप साधारण 20 मिलिमीटरचा. स्माइल: आतल्या आत चकती कोरून दोन-चार मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढायची. मला अर्थातच सगळ्यात महागडं हवं होतं.

पहिल्या दोन्हींतला लेसर मात्र मला फार प्रिय आहे. मद्रासहून अमेरिकेला गेलेले रंगस्वामी श्रीनिवासन 1981 साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणातली उरलेली टर्की आयबीएमच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि 193 नॅनोमीटरच्या अतिनील लेसरने तिच्यावर खाच पाडली. कडा स्वच्छ, आजूबाजूला करपल्याची खूण नाही! ती टर्की कुठल्या डब्यातून नेली असेल? घरात कोणी ‘आता ही कुठे?’ म्हणून विचारलं नसेल? दिवाळीनंतर मीही उरलेला चिवडा ऑफिसात नेतो. लोक खातात, शोध कोणी लावत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, “वाचताना चष्मा काढता ना? लेसरनंतर लांबचं दिसेल, वाचायला मात्र चष्मा लागेल.” म्हणजे लाखभर रुपये मोजून मी नाकावरचा चष्मा खिशात हलवणार होतो.

माझा चेहरा पडलेला पाहून बाई लेकीकडे वळल्या. “तुमचं राहू द्या. आधी हिचं उरका, स्थळं बघायच्या आत.”

इतका वेळ मजेत होतो, पण आता डोकं फिरलं. माझ्या चष्म्याला हौस म्हणायचं आणि तिचा चष्मा म्हणजे व्यंग? बायकोला बघायला गेलो होतो तेव्हा पोह्यांची बशी टेकायच्या आत ‘चष्मा कायमचा आहे का?’ विचारून झालं होतं. तिचा नंबर पाऊण. मुलाकडून गेलेल्या आम्हा चौघांच्याही नाकावर चष्मे होते. आम्हाला कोणी काही विचारलं नाही.

लेकीने चष्मा वर सरकवला. “मुलग्यांना वेगळा रेट आहे का हो?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या, “पण बाबांचं आणि तुझं एकदम केलंत तर डिस्काउंट बसवून देते.”